भात्याचा हात

सांगली, मिरज, कराड, सातारा, वाई या पट्ट्यात पियानो शिकायला येणाऱ्या मुलांपैकी बरीच मुलं आधी पेटीवर बसलेली असतात. घरात आजोबांची जुनी पेटी असते, नाहीतर गल्लीतल्या गाण्याच्या क्लासात दोन-तीन वर्षं गेलेली असतात. अशा मुलाचा उजवा हात तयार असतो. काळी एकला सा धरून भूप वाजव म्हटलं की बोटं आपसूक जागेवर पडतात. डाव्या हाताची गोष्ट मात्र वेगळी. तो इतकी वर्षं फक्त भाता मारत आलेला असतो. त्याला लय कळते, श्वास कळतो, पण सूर कधी त्याच्या वाट्याला आलेला नसतो. पियानोच्या पहिल्याच महिन्यात त्याला उजव्याच्या बरोबरीने बसवलं जातं, आणि चांगलं वाजवणारं मूल अचानक पाच वर्षांच्या पोरासारखं अडखळायला लागतं. कित्येक मुलं इथेच गळतात.

या लेखाचा विषय टॅब, फोन आणि पियानो हा आहे, आणि तो मी डाव्या हातापासून सुरू करतो आहे त्याला कारण आहे. पियानो शिकवणारी ॲप बोस्टनच्या मुलासाठी बनतात, तशीच्या तशी सांगलीतल्या विश्रामबागच्या मुलाच्या हातात येतात. पण विश्रामबागच्या मुलाची अडचण बोस्टनच्या मुलाची नाही. ती पेटीतून आलेली आहे, आणि तिचं उत्तर शोधायचं तर आधी पेटी समजून घ्यावी लागते.

पेटीत कळ दाबली की फक्त झडप उघडते. आवाज लहान की मोठा हे भात्यातल्या हवेच्या दाबावर ठरतं. कळ हळू दाबा नाहीतर जोरात, सूर तोच आणि तेवढाच. पियानोत नेमकं उलटं आहे. इटलीतल्या फ्लोरेन्समध्ये १७००च्या सुमारास बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी हे वाद्य घडवलं, ते याच एका गोष्टीसाठी. कळ दाबली की लोकरी नमद्याची हातोडी तारेवर आपटते आणि लगेच मागे सरते. हातोडी किती वेगाने सुटली यावर आवाज ठरतो, आणि तो वेग येतो बोटातून, मनगटातून, खांद्यातून. म्हणजे पेटीवरचा डावा हात जे काम भात्यावर करत होता, ते पियानोत दहाही बोटांना वाटून द्यावं लागतं. पेटी शिकलेल्या मुलाला सूर शिकवायची गरज नसते. त्याला वजन शिकवावं लागतं.

आपल्याकडे दोन्ही हात मोकळे नव्हतेच असंही नाही. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी इथे ‘सीतास्वयंवर’चा प्रयोग केला. पुढे संगीत नाटकाच्या वैभवाच्या काळात रंगमंचासमोर पायपेटी आणि ऑर्गन आले. त्यांत हवा पायाने भरायची, त्यामुळे दोन्ही हात कळांवर. गोविंदराव पटवर्धनांनी ऑर्गनवर आणि पेटीवर जी नाट्यगीतं वाजवली त्यात डाव्या हाताचा भरणा ऐकू येतो. पण ही विद्या घरांत उतरली नाही. घरात आली ती हातपेटी. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५च्या सुमारास तिला मांडीजवळ घेऊन वाजवता येईल असं रूप दिलं, आणि ती भजनात, शाळेत, आरतीत सगळीकडे गेली. साथीला ते सोयीचं होतं. आजच्या पियानोच्या विद्यार्थ्याच्या डाव्या हाताला मात्र त्याची किंमत मोजावी लागते.

आता बाजारात पाहा. दुकानात गेलेले आईवडील पियानो मागत नाहीत, कॅसिओ मागतात. कुठल्याही कंपनीचा की-बोर्ड असो, आपल्याकडे तो कॅसिओच. त्यात बहुतेक वेळा ६१ कळा असतात, पियानोला ८८. हा फरक पहिल्या दोन वर्षांत फारसा जाणवत नाही. खरा फरक कळेच्या आत असतो. स्वस्त की-बोर्डची कळ स्प्रिंगवर असते, बोट ठेवताच खाली जाते. अगदी स्वस्तातल्या की-बोर्डला तर दाबाचा फरकही कळत नाही. कसंही वाजवा, आवाज एकाच मापाचा. म्हणजे पेटीने जी सवय लावली तीच हा की-बोर्ड घट्ट करतो. डिजिटल पियानोत आत हातोडीसारखी वजनी यंत्रणा बसवलेली असते आणि कळ खऱ्या पियानोसारखी बोटाला विरोध करते. तो महाग असतो, पण काही लाखांच्या खऱ्या पियानोपेक्षा कितीतरी स्वस्त. माझ्या मते टॅब घ्यायचा की नाही हा प्रश्न याच्या नंतरचा. कळ वजनी नसेल तर टॅबवरचं कुठलंही ॲप मुलाला पियानो शिकवू शकत नाही. ते मुलाला की-बोर्ड शिकवेल. की-बोर्ड शिकणं यात कमीपणा काहीच नाही. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षांत इलेक्ट्रॉनिक की-बोर्डचा अभ्यासक्रम पियानोपासून वेगळा आहे, आणि तो प्रामाणिकपणे निवडावा. ६१ कळांवर पियानोची ग्रेड तयार करायची आणि परीक्षेच्या खोलीत पहिल्यांदा वजनी कळेवर बोट ठेवायचं, हे मुलावर अन्याय करणारं आहे.

टॅब काय करतो ते नीट पाहायला हवं, कारण पालकांना तो जादूचा वाटतो आणि जुन्या शिक्षकांना शत्रू. पहिला आयपॅड २०१०मध्ये आला. पण त्याला वाद्याशी बोलता येतं ती भाषा त्याच्या कितीतरी आधीची आहे. १९८३मध्ये वाद्य बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून मिडी नावाची पद्धत ठरवली. तीत प्रत्येक कळेला एक आकडा असतो. मधल्या सप्तकाचा पांढरी एक, म्हणजे पाश्चात्त्यांचा मधला सी, हा ६०. कळ दाबली की तीन गोष्टी तारेतून जातात : कोणती कळ, कधी दाबली आणि किती वेगाने खाली गेली. वेगाचं माप १ ते १२७. वायर जोडलेली असेल तर टॅबला हे सगळं अचूक कळतं. वायर नसेल तर तो माइकमधून ऐकतो. मग पंख्याचा आवाज, कुकरची शिट्टी, पावसाचा पत्र्यावरचा मारा हे सगळं त्याच्या कानात जातं, आणि एकदम चार सूर वाजले की तो गोंधळतो. बरोबर वाजवलेल्या मुलाला ‘चूक’ असं लाल अक्षरात दिसतं. हा अनुभव घरोघरी आहे. उपाय अगदी साधा आहे. एक यूएसबी वायर आणि गरजेप्रमाणे एक छोटा जोड. पण दुकानदार ते सांगत नाही आणि पालक विचारत नाहीत.

वायर जोडल्यावर टॅब ज्या कामात खरोखर उपयोगी पडतो ते काम म्हणजे आपला डावा हात. मुलाने फक्त डावा वाजवायचा, उजव्याची बाजू टॅब वाजवतो. चार मात्रांचा एक तुकडा घ्यायचा, निम्म्या लयीत लावायचा आणि तो पुन्हा पुन्हा फिरत राहतो. चुकीची कळ पडली तर थांबतो, बरोबर कळ येईपर्यंत थांबून राहतो. सतरा वेळा तेच वाजवलं तरी त्याचा आवाज चढत नाही. आठवड्यातून एकदा पाऊण तास भेटणाऱ्या शिक्षकाला हे शक्य नाही, आणि आईला येत नाही. भात्याच्या हाताला सुरांचा हात करायचा तर अशा शेकडो फेऱ्या लागतात. पेटीकडून आलेल्या मुलासाठी टॅबने एवढं एकच काम केलं तरी त्याचे पैसे फिटले असं मी मानतो.

पण याच ॲपमध्ये रंगीत पट्ट्या वरून कोसळणारा खेळ असतो, आणि मुलं तिकडेच जातात. पट्टी कळेवर आदळली की कळ दाबायची. मूल महिन्याभरात ओळखीची धून वाजवतं, पाहुण्यांसमोर कौतुक होतं. पण ते संगीत वाचत नसतं, ऐकतही नसतं. डोळा पट्टीवर, बोट पट्टीमागे. टॅब बंद केला की धून गेली. शिवाय नवशिक्यांची बहुतेक ॲप गुण देतात ते दोनच गोष्टींना : कळ बरोबर का, वेळेवर का. तिसरी गोष्ट, कळेचा वेग, तारेतून आलेली असूनही तिच्याकडे फारसं लक्ष दिलं जात नाही. वाक्य कुठे संपलं, कुठल्या सुराला उभं राहायचं, कुठला सूर नुसता सांगून सोडायचा, याला तारे मिळत नाहीत. संगीत मात्र त्यातच असतं. पेटीच्या मुलाला हे भात्याने येत होतं, हे विसरता कामा नये. त्याचा डावा हात वाक्याचा शेवट जाणत होता. ते ज्ञान बोटांत उतरवायचं काम शिक्षकाचंच आहे.

पाचगणीचा उल्लेख इथे करायलाच हवा, कारण सातारा जिल्ह्यात पियानोची परंपरा आहे ती तिथल्या निवासी शाळांत. सेंट पीटर्स शाळेत १९५०च्या दशकात झांझिबारहून फारुख बलसारा नावाचा एक पारशी मुलगा आला. वय आठ. मुख्याध्यापकांना त्याच्यातलं संगीत दिसलं आणि त्यांनी घरी पत्र लिहून पियानोची वेगळी शिकवणी सुचवली. आईवडिलांनी फी भरली. तो चौथ्या ग्रेडपर्यंत पोचला, लेखी आणि वादन दोन्हींत. १९५८च्या सुमारास त्याने शाळासोबत्यांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला, आणि त्यात पियानोवर तोच असे. रेडिओवर एकदा ऐकलेलं गाणं तो लगेच वाजवून दाखवायचा, असं त्याच्या वर्गमित्रांनी पुढे सांगितलं. जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ १९७५ची, पण तिच्यातल्या पियानोवरचा हात पाचगणीत घडायला लागला.

मला या गोष्टीत प्रतिभेपेक्षा त्या मुख्याध्यापकांचं पत्र महत्त्वाचं वाटतं. कुणीतरी ऐकलं, ओळखलं आणि सांगितलं. आजचं ॲप मुलाच्या चुका मोजतं. या मुलाला ऐकून वाजवता येतं, त्याला वेगळी वाट द्या, असं ते घरी कळवत नाही. शिवाय त्या मुलाच्या शिकण्यात दोन बाजू एकाच वेळी चालल्या होत्या. शिकवणीत कागदावरचं वाचणं, आणि मित्रांच्या खोलीत कानाने धरणं. पट्ट्यांचा खेळ या दोन्ही बाजू बंद करतो.

पाचगणीसारख्या जागी खरा पियानो सांभाळणं सोपं नाही. त्यात सुमारे २३० तारा असतात, त्यांचा एकत्रित ताण पंधरा-वीस टनांच्या घरात. तो ताण पेलणाऱ्या बिडाच्या सांगाड्यामागे सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचा पातळ फळा असतो. हवेतला ओलावा वाढला की तो फुगतो आणि सूर चढतात, हवा कोरडी झाली की उतरतात. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. शेजारच्या पाचगणीत त्याहून कमी, पण धुकं महिनोन्महिने घरात येऊन बसतं. तारांना गंज, नमद्याला बुरशी, कळा अडकणं हे पावसाळ्याचं ठरलेलं. त्याच जिल्ह्यात माण-खटावला हवा इतकी कोरडी की लाकडाला भेगा पडतील. सूर लावणारा ट्यूनर बोलवायचा तो पुण्याहून किंवा मुंबईहून. सांगलीची अडचण आणखी वेगळी. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा तळमजल्यावरचं जे उचलता आलं तेच वाचलं. उभा पियानो दोनशे किलोंच्या पुढे असतो. डिजिटल पियानो दोन माणसं माडीवर नेऊ शकतात. या भागात खऱ्या पियानोऐवजी डिजिटल घेणाऱ्या कुटुंबाला कुणी कमी रसिक समजू नये.

मात्र डिजिटल झाल्याने एक जुना प्रश्न मिटत नाही, आणि तो प्रश्न याच दोन जिल्ह्यांनी शंभर वर्षांपूर्वी जगापुढे मांडला होता. हा इतिहास पियानो शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांना एका गोष्टीने झपाटलं होतं : आपले गवई गातात ते सूर नेमके कुठे असतात? त्यांनी तारेच्या साध्या यंत्रावर लांबी मोजून सूर पकडायला सुरुवात केली. गळा दिला उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी. खाँसाहेब गात, देवल तार मोजत. १९१०मध्ये देवलांचं बावीस श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक निघालं. अर्नेस्ट क्लेमेंट्स या आयसीएस अधिकाऱ्याला या कामाने ओढून घेतलं. साताऱ्यात ‘फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ उभी राहिली, १९१३मध्ये क्लेमेंट्स यांचंही पुस्तक आलं. आणि दोघांनी ठरवलेल्या सुरांची एक पेटी इंग्लंडमध्ये कीटली मूर यांच्याकडून बनवून घेतली गेली. तिचं नाव श्रुती हार्मोनियम. नेहमीच्या बारा सुरांच्या जागी बावीस. कल्पना अशी, की विद्यार्थ्याला शुद्ध सूर कळेवरच मिळावा, म्हणजे शिकणं सोपं होईल. आजच्या भाषेत सांगायचं तर तो शिकवण्याचा नवा तांत्रिक उपाय होता.

१९१६मध्ये बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. संगीतशास्त्रकार भातखंडे तिचे सूत्रधार. तिथे ही पेटी मांडली गेली, आणि गवयांच्या गळ्याशी ती जुळली नाही. परिषदेने तिला मान्यता दिली नाही. देवल-क्लेमेंट्स यांची गणितं चुकीची होती असं मी म्हणणार नाही. त्यांचा आग्रह चुकला. दरबारी कानड्याचा गंधार एका जागी उभा राहत नाही, तो झुलतो. त्याला खुंटीवर टांगलं की तो दरबारीचा राहत नाही. मोजता आलेलं सगळं खरं होतं, पण जे मोजलं गेलं नाही ते गवयांच्या कानात होतं. ॲपच्या हिरव्या खुणा पाहताना मला हे बडोदं आठवतं. पुढे १९४०मध्ये आकाशवाणीने पेटीवरच बंदी घातली, ती १९७१पर्यंत राहिली, आणि तिच्यामागचा वाद याच सुरांचा होता. मुंबईचे डॉ. विद्याधर ओक यांनी अलीकडे बावीस श्रुतींची पेटी नव्याने बनवली, म्हणजे प्रश्न अजून जिवंत आहे.

हा वाद पियानोपर्यंत कसा येतो ते गंधारात दिसतं. पियानोत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. त्या हिशेबात प्रत्येक भाग १०० सेंट. शुद्ध गंधार चौथ्या भागावर, म्हणजे ४०० सेंटवर येतो. तारेच्या नैसर्गिक नादातला गंधार ३८६ सेंटांवर असतो. पियानोचा गंधार १४ सेंट चढा. पंचमात फरक फक्त दोन सेंटांचा, तो कुणाला जाणवत नाही. गंधाराचा जाणवतो. आणि तंबोऱ्यांचं गाव असलेल्या मिरजेत तर तो लपवताच येत नाही, कारण घोडीवरची जवारी नीट लागली की तंबोऱ्याची षड्जाची तार स्वतःच गंधार बोलते. कान देऊन बसणाऱ्याला तो स्पष्ट ऐकू येतो. तंबोऱ्यावर वाढलेलं मूल डिजिटल पियानोवर बसतं आणि सांगतं की हा ग थोडा टोचतो. शिक्षकाने त्या मुलाला गप्प करू नये. त्याने बरोबर ऐकलं आहे. उलट त्याच वेळी टॅबवर सूर मोजणारं ॲप उघडावं, दोन्ही गंधार सेंटांत दाखवावेत, आणि पाश्चात्त्यांनी हा चढा गंधार का पत्करला ते समजवावं. कुठल्याही पट्टीत तितकंच चांगलं वाजावं म्हणून त्यांनी प्रत्येक पट्टीत थोडी तडजोड केली. अनेक डिजिटल पियानोंत सुरांची मांडणी बदलायची सोय असते. देवलांना ज्यासाठी इंग्लंडहून पेटी मागवावी लागली ते आता यंत्रातल्या एका यादीतून निवडता येतं. मींड मात्र तरीही येत नाही, आंदोलन येत नाही. कळ ती कळच.

मिरजेच्या तंबोऱ्याबद्दल दोन शब्द अधिक. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तंबोरे बनवायचं काम उचललं. फरीदसाहेबांचं नाव पहिल्यांदा घेतलं जातं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतात, लाकूड तुणीचं, आणि सगळा जीव जवारी लावण्यात. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण यंत्राची लाट या गावाने पियानोवाल्यांच्या आधी पाहिली आहे. बंगळूरुचे इंजिनिअर जी. राज नारायण यांनी १९७९मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला, नंतर प्रसाद उपासनी यांच्या आयतबलाप्रोसारखी ॲप आली, आणि तंबोरा, तबला, लेहरा खिशात मावू लागले. गायकाला एकट्याने रियाज करता येऊ लागला, हा फायदा मोठा आहे. तरी खोलीत खरा तंबोरा सुरू झाला की त्याचा नाद अंगावर येतो, तो फोनच्या बोटभर स्पीकरमधून येणार नाही.

करोनाच्या टाळेबंदीत क्लास फोनवर आले तेव्हा एक विचित्र गोष्ट झाली. झूमसारख्या सोयी माणसाच्या बोलण्यासाठी बनलेल्या. एकसारखा चालणारा आवाज त्यांना पंखा वाटतो आणि त्या तो पुसून टाकतात. तंबोरा लावला की समोरच्याला ऐकूच जात नसे. पियानोचा लांब धरलेला सूर मध्येच विरायचा, आणि शिक्षक विचारायचे की कळ सोडलीस का. झूममध्ये संगीतासाठी मूळ आवाज जसाच्या तसा पाठवायची सोय आहे. ती सुरू केली की अडचण बरीच मिटते. आवाज पोचायला लागणारा वेळ मात्र मिटत नाही. सेकंदाच्या थोड्याशा अंशाचा उशीरही दोघांना एकत्र वाजवू देत नाही. म्हणून ऑनलाइन क्लासात शिक्षकाने साथ करायची नसते, आळीपाळीने वाजवायचं असतं. पुण्याचे किंवा गोव्याचे चांगले शिक्षक कराडच्या मुलाला असे मिळत असतील तर ते जरूर घ्यावेत. फक्त फोन कळांच्या बाजूने, कोपर आणि मनगट दिसेल असा ठेवावा. चेहरा दिसून पियानोच्या शिक्षकाला काहीच कळत नाही.

गुरूच्या घराबाहेर संगीत पोचवायचा प्रयत्न या मातीला नवा नाही. कुरुंदवाडला १८७२मध्ये जन्मलेले विष्णू दिगंबर पलुस्कर लहानपणी फटाक्याने डोळे दुखावल्यावर उपचारासाठी मिरजेत आले आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. १९०१मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, स्वरलिपी केली, पुस्तकं छापली. बंद घराण्यांतली बंदिश कागदावर आली. टीका झालीच, की कागदावर राग येत नाही. ते खरंही होतं. पण त्या पुस्तकांमुळेच हजारो घरांत, विशेषतः मुलींपर्यंत, गाणं पोचलं. त्यांच्या शिष्यपरंपरेने उभारलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कार्यालय मिरजेत आहे. पलुस्करांची लिपी गुरूला पर्याय म्हणून नव्हती, गुरूने दिलेलं टिकवण्यासाठी होती. टॅबला मी त्याच जागी ठेवतो. टॅबवर आज आयएमएसएलपी या संकेतस्थळावरून बाख, मोझार्ट, शोपँ यांची हक्कमुक्त झालेली हजारो पानं फुकट मिळतात. म्यूझस्कोअर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरवर शिक्षक स्वतः धडा लिहू शकतात. उजव्या हाताला सारेगम आणि त्याखाली पाश्चात्त्य पाच रेघा, असा दुहेरी धडा पेटीकडून आलेल्या मुलासाठी लिहिला तर सहा महिन्यांत ते रेघा वाचायला लागतं. हे काम परदेशी ॲप करून देणार नाही. ते इथल्याच शिक्षकाने करायला हवं.

आणि टॅबमधली सगळ्यात मोलाची गोष्ट ॲपच्या दुकानात विकली जातच नाही. ती प्रत्येक फोनमध्ये आधीपासून असते : ध्वनिमुद्रण. मुलाने आठवड्याच्या शेवटी एक तुकडा मुद्रित करायचा, दुसऱ्या दिवशी शांतपणे ऐकायचा, आणि वहीत स्वतः तीन ओळी लिहायच्या. लय कुठे पळाली, डावा हात कुठे उजव्याला झाकून टाकतो, शेवटचा सूर का तुटला. वाजवताना बोटांना इतकं काम असतं की कान निम्मा बंद असतो. ऐकताना तो मोकळा होतो. यात गुण नाहीत, हिरवी खूण नाही, कुणाशी स्पर्धा नाही. महिन्याभराने जुनं आणि नवं मुद्रण एकापाठोपाठ ऐकलं की मुलाला स्वतःची प्रगती कानाने कळते. ॲपने दिलेल्या तीन ताऱ्यांपेक्षा मुलं यावर जास्त विश्वास ठेवतात.

परीक्षांनीही ही दिशा धरली आहे. २०२०पासून लंडनच्या एबीआरएसएम या परीक्षा मंडळाने घरून चित्रफीत पाठवून द्यायच्या वादनाच्या परीक्षा सुरू केल्या. चार रचना, एकाच सलग मुद्रणात, मध्ये कापाकापी चालत नाही. ट्रिनिटीचीही अशी डिजिटल परीक्षा आहे. सांगलीच्या मुलाला परीक्षेसाठी पुणे-मुंबईची फेरी आता अटळ राहिलेली नाही. ज्या मुलाने वर्षभर आठवड्याला एक मुद्रण केलं असेल त्याला त्या दिवशी कॅमेऱ्याची भीती वाटत नाही.

राहतो तो कळेच्या वजनाचा प्रश्न, आणि तो एकेका घराने सोडवायचा नाही. मला वाटतं, साताऱ्यात आणि सांगलीत एखाद्या वाचनालयाने, शाळेने किंवा नाट्यगृहाने एक ८८ वजनी कळांचा डिजिटल पियानो सगळ्यांसाठी ठेवावा. शेजारी एक टॅब, एक वायर, एक हेडफोन. घरी ६१ कळांवर सराव करणाऱ्या मुलाने आठवड्यातून दोनदा तासभर तिथे यावं, नाव नोंदवून बसावं. वर्गणी पुस्तकांच्या वर्गणीएवढी. सांगलीत तो पहिल्या मजल्यावर असावा, आणि त्याच्या खोलीत भिंतीशी एक मिरजेचा तंबोराही असावा, जवारी लावलेला. पियानोवर गंधार दाबायचा, मग तार छेडून ऐकायचा, आणि दोन्ही कानांत ठेवून घरी जायचं, अशी मुलं या दोन जिल्ह्यांना तयार करता येतील.